निदानाआधी औषध नको : सागरी मत्स्यालयातील रोग आणि त्यांचे उपचार

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय जनतेसाठी खुले झाले, तेव्हा समुद्रातील जिवंत मासा काचेआड निरखण्याची संधी आपल्याकडील सामान्य माणसाला लाभली. त्यानंतरच्या काळात विजेचे पंप, कृत्रिम सागरी मीठ आणि विमानाने येणारा माल यांच्या साहाय्याने हा छंद सार्वजनिक इमारतींतून मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचला. परंतु मासे पाळण्याची हौस ज्या वेगाने पसरली त्या वेगाने त्यांच्या रोगचिकित्सेची विद्या पसरली नाही. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की मालकाने दुकानाकडे धाव घ्यावी, दुकानदाराने हाताशी असेल ती बाटली पुढे करावी, ती टाकीत ओतावी, आणि चार दिवसांनी मासा मेला म्हणजे समुद्रातले मासे नाजूकच असतात अशी मनाची समजूत घालावी, हा शिरस्ता आजही सर्रास चालू आहे. वास्तविक हे मासे तितके नाजूक नाहीत. चुकतो तो उपचाराचा क्रम. त्यांच्या बहुतेक घातक रोगांची कारणे, परजीवींची जीवनचक्रे आणि त्यांवरील इलाज गेल्या शंभर वर्षांत बऱ्याच निश्चितीने कळलेले आहेत, आणि त्या सर्व ज्ञानाचा इत्यर्थ असा की, रोग ओळखल्याखेरीज औषध देऊ नये, आणि रोगी जरी मासा असला तरी रोगाचे ठाणे टाकीच्या पाण्यात आणि वाळूत असते, याचा विसर पडू देऊ नये.

रोगाचा विचार करण्यापूर्वी निरोगी माशाचा देहव्यापार ध्यानी घेणे अगत्याचे आहे. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात, तर सागरी अस्थिमत्स्याच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण त्याच्या साधारण एकतृतीयांश असते. परिणामी त्याच्या देहातील पाणी अखंड बाहेर झिरपत राहते आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असूनही तो निर्जलीकरणाशी झगडत जगत असतो. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो, हे होमर स्मिथ यांनी १९३० साली दाखवून दिले. आणि त्या पाण्याबरोबर पोटात गेलेले जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकले जाते, हे अँसेल कीज यांनी पुढच्याच वर्षी ईल माशाच्या कल्ल्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. यातून चिकित्सेच्या दृष्टीने दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, कल्ला हे केवळ श्वसनाचे इंद्रिय नसून क्षारांचा सारा जमाखर्च तेथे चालतो, त्यामुळे कल्ल्यावरचा आघात माशाला दोन्ही बाजूंनी मारतो. दुसरी अशी की, सागरी मासा पाण्यात घातलेले औषध पितही असतो, म्हणून मात्रेतील लहानशी चूकदेखील त्याच्या आतड्यापर्यंत पोहोचते.

टाकीतील मासा अस्वस्थ दिसला तर पहिली तपासणी माशाची न करता पाण्याची करावी. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ इतका असतो आणि सामू जितका वर, तितका अमोनियातील विषारी अंश अधिक. म्हणून गोड्या पाण्यात कदाचित खपून जाईल एवढा अमोनिया येथे कल्ले जाळून टाकतो. उलट नायट्राइटची धास्ती येथे गोड्या पाण्यापेक्षा पुष्कळ कमी, कारण समुद्रातील विपुल क्लोराइड त्याला कल्ल्यावाटे आत शिरू देत नाही. प्राणवायूची स्थितीही बिकट असते. २५ अंश सेल्सियसला हवेने संपृक्त झालेल्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तितक्याच उष्ण सागरी पाण्यात अवघा ६.७ मिलिग्रॅम, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज गेलेल्या घरातील टाकीत तो त्याहूनही झपाट्याने घटतो. सगळेच मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर तो बहुधा पाण्याचा दोष समजावा. एक-दोन मासे आधी आजारले आणि मग लागण पसरत गेली तर संसर्गाचा संशय धरावा.

संसर्गजन्य रोगांचा इतिहास पाहू गेल्यास एक लक्षणीय गोष्ट आढळते. या रोगांचे प्रारंभीचे उत्कृष्ट वर्णन उघड्या समुद्रावरील निरीक्षणांतून आले नाही, ते मोठ्या शहरांतील मत्स्यालयांतून आले. सागरी माशांचा क्षय घडवणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू जोसेफ ॲरनसन यांनी १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांतून वेगळा केला. त्वचेला चिकटणारा चपटा कृमी १९२७ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील माशांवरून वर्णिला गेला. तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात ब्राउन यांनी १९३१ साली मखमली रोगाचा आणि १९५१ साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी नामनिर्देशित केला. ठिपक्यांच्या परजीवीचे वर्णन त्यापूर्वी, १९३७ साली, जपानात सिकामा यांनी केलेच होते. मत्स्यालयांनाच हा मान मिळण्याचे कारण उघड आहे. माशाच्या अंगावरून गळून पडलेल्या परजीवीची संतती समुद्रात मैलोगणती विखुरते आणि तिच्यातील बहुतेक यजमान न सापडल्याने मरते. टाकीत मात्र तीच संतती चार काचांच्या आत कोंडली जाते आणि प्रत्येक पिढीगणिक माशांवरील भार वाढत जातो. निसर्गात जो त्रास किरकोळ असतो तोच कैदेत साथीचे रूप घेतो.

निदानाचा पाया निरीक्षण हा आहे, आणि निरीक्षणाला नोंदीची जोड हवी. प्रत्येक मासा निरोगी असताना मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो, अन्नावर कसा झडप घालतो, रात्री कोठे विसावतो, याचे एक लहानसे दप्तर मालकाने ठेवले तर आजाराची चाहूल त्याला डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांच्या बऱ्याच आधी लागते. श्वासाची गती वाढणे, पंपाच्या झोतात तोंड धरून उभे राहणे, खडकावर अंग घासणे, एकच कल्ला उघडझाप करणे, प्रकाश टाळणे, अन्न तोंडात घेऊन थुंकणे, या प्रत्येक लक्षणाला अर्थ आहे. परंतु एकाच लक्षणावरून रोग ठरवणे धोक्याचे, कारण ही लक्षणे अनेक रोगांना समान असतात. निर्णायक पुरावा देते ते सूक्ष्मदर्शक यंत्र. माशाच्या त्वचेवरील बुळबुळीत थराचा काचपट्टीच्या कडेने अलगद घेतलेला किंचित खरवड, त्यावर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब आणि वर आवरणकाच, एवढ्या सामग्रीत शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते शंभर तर्कांहून मोलाचे असते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा क्रिप्टोकॅरिऑन हा गोलसर, गडद, मंदपणे स्वतःभोवती फिरणारा जीव. मखमली रोगाचा अ‍ॅमिलूडिनियम निश्चल, नासपतीच्या आकाराचा आणि मुळांसारख्या तंतूंनी रुतलेला. ब्रुकलिनेला घेवड्याच्या बियासारखा, लवयुक्त आणि सरपटत जाणारा. तर युरोनेमा अश्रूच्या आकाराचा, चपळ आणि सतत धावणारा. मात्र तपासणी जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाची व्हावी, कारण मृत देहावरून परजीवी काही तासांत निघून जातात आणि उशिरा पाहणाऱ्याला केवळ कुजवणारे जंतू सापडतात.

या मंडळींपैकी सर्वांत परिचित तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. साखरेच्या कणांएवढे सुटे पांढरे ठिपके ही त्याची निशाणी. परंतु ठिपक्यांच्या मागे असलेले जीवनचक्र समजल्यावाचून त्याचा बंदोबस्त होत नाही. माशाच्या त्वचेच्या बाह्यस्तराखाली शिरून हा परजीवी ३ ते ७ दिवस ऊतींवर पोसतो, मग अंगावरून सुटून वाळू, खडक किंवा काच यांवर पुटी करून बसतो. ती पुटी सामान्यतः ३ ते २८ दिवसांत, क्वचित त्याहूनही पुष्कळ उशिरा, फुटते आणि तिच्यातून दोनशेपर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले बहुधा पहाटेच्या अंधारात, मासे तळाशी निजलेले असताना सुटतात आणि एक-दोन दिवसांत यजमान न मिळाल्यास मरतात. ठिपके तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाहीसे होतात ते रोग बरा झाल्यामुळे नव्हे, तर परजीवी पुढील मुक्कामाला गेल्यामुळे. या मधल्या काळात टाकीत घातलेले कोणतेही निरुपयोगी द्रव्य गुणकारी भासते, आणि औषधांच्या बाजारातील कित्येक बाटल्यांची कीर्ती याच भ्रमावर उभी आहे. शिवाय त्वचेखालचा परजीवी आणि पुटीतला परजीवी या दोघांनाही औषध पोहोचत नाही. ते पोहोचते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच उपचाराची मुदत ठिपक्यांवरून न ठरवता चक्रावरून ठरवावी लागते.

मखमली रोग याहून क्रूर आहे. अ‍ॅमिलूडिनियम ओसेलॅटम हा परजीवी प्रथम कल्ल्यांवर उतरतो, त्यामुळे अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकत मरू शकतो, आणि एका पुटीतून २५६ पर्यंत बीजाणू सुटत असल्यामुळे भरलेली टाकी अल्पावधीत उजाड होते. ब्रुकलिनेला होस्टिलिस, ज्याचे वर्णन लोम आणि नायग्रेली यांनी १९७० साली केले, तो विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनफिशवर चालून येतो. अंगावरून श्लेष्म्याचे पापुद्रे सुटतात आणि मासा थोड्याच दिवसांत दगावतो. क्रोमिससारख्या माशांच्या अंगावर तांबूस चट्टे पाडणारा युरोनेमा तर यजमानावाचून पाण्यातील जीवाणूंवरही जगू शकतो आणि स्नायूंत खोल शिरतो. तेथवर गेल्यावर कोणत्याही बाह्य स्नानाचा उपयोग उरत नाही. नवख्याच्या डोळ्यांना हे चारही रोग जवळजवळ सारखेच दिसतात. इलाज मात्र चौघांना एकच लागू पडत नाही, आणि निदानावर एवढा भर देण्याचे कारण हेच.

मुख्य औषधांत ज्येष्ठत्वाचा मान तांब्याकडे जातो. आपल्याकडे बागाईतदार ज्याला मोरचूद म्हणतात, त्याच द्रव्यातील ताम्रकण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या प्रमाणात किमान तीन आठवडे राखले तर ठिपके आणि मखमल या दोन्ही रोगांची पिल्ले मरतात. हे प्रमाण थोडे खाली गेले तर औषध व्यर्थ जाते आणि थोडे वर गेले तर मासाच दगावतो. सबब मापनसंचाने रोज प्रमाण तपासल्याखेरीज तांबे हाती धरू नये, आणि बाजारातील बंधित ताम्रौषधांची मात्रा निराळी असल्याने त्यांना हे आकडे लावू नयेत. चुनखडीचे खडक आणि प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेतात, तसेच प्रवाळ, कोळंबी आणि शंखवर्गीय प्राणी तांब्याने मरतात. म्हणून हा उपचार शोभेच्या टाकीत करणे म्हणजे औषध आणि टाकी दोन्ही गमावणे होय. मलेरियावरील क्लोरोक्विन दर लिटरला १० मिलिग्रॅम या मात्रेने मखमली रोगावर गुणकारी ठरले आहे. ब्रुकलिनेलावर तांबे चालत नाही. तेथे फॉर्मेलिनचे स्नान, दशलक्ष भागांस १५० ते २५० भाग, जोरदार हवा सोडून, अर्धा तास ते तासभर, आणि आपल्यासारख्या उष्ण हवामानात खालच्या मात्रेनेच द्यावे, कारण हे द्रव्य पाण्यातील प्राणवायू हिरावून घेते. फॉर्मेलिन मनुष्यालाही अपायकारक असल्याने ते हाताळताना हातमोजे आणि मोकळी हवा यांत हयगय करू नये.

औषधावाचून चालणारे दोन उपचारही मान्यता पावले आहेत. क्षारता हळूहळू ३५ वरून १५-१६ पर्यंत उतरवून तीन-चार आठवडे राखली तर क्रिप्टोकॅरिऑनच्या पुट्या वाढू शकत नाहीत आणि माशावरील क्षारनियमनाचा भारही हलका होतो. मात्र या परजीवीचे काही वाण कमी क्षारता सोसतात असे आढळले आहे, आणि मखमली रोगाला तर तिची तमा नसते. दुसरा उपचार अधिक बुद्धिप्रधान आहे : माशाला दर तीन दिवसांनी संपूर्ण कोरड्या केलेल्या नव्या भांड्यात, नव्या पाण्यात हलवायचे आणि असे चार वेळा करायचे. अंगावरून सुटलेल्या पुट्या फुटण्याआधीच मागल्या भांड्यात राहून जातात आणि माशाला एक थेंबही औषध न देता चक्र तुटते. परजीवीच्या चरित्राचे ज्ञान हेच येथे औषध झाले आहे.

त्वचेवरील कृमींचे निदान तर डोळ्यांदेखत होते. निओबेनेडेनिया हा कृमी पारदर्शक असल्याने माशावर दिसत नाही. डोळे ढगाळणे आणि अंग घासणे एवढीच त्याची खूण. तापमान आणि सामू जुळवलेल्या, क्लोरीन काढून हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात तो मासा तीन ते पाच मिनिटे ठेवला की कृमी पाणी शोषून अपारदर्शक होतात आणि भांड्याचा तळ काळा असेल तर तिळाएवढे पांढरे चपटे जीव एकामागून एक खाली पडताना स्पष्ट दिसतात. स्नान चालू असताना माशावरची नजर ढळू देऊ नये आणि तो आडवा पडून निपचित झाल्यास तत्काळ परत खाऱ्या पाण्यात घ्यावा. या स्नानाने निदान होते, भार कमी होतो, पण निर्मूलन होत नाही. कारण कृमीची तंतुयुक्त अंडी टाकीत अडकून राहतात. त्यासाठी प्राझिक्वांटेल दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम देऊन, अंडी फुटल्यावर पुन्हा दुसरी मात्रा द्यावी लागते. एकाच मात्रेवर थांबणे म्हणजे तण खुडून बी शेतात ठेवणे होय.

जीवाणूंच्या रोगांबाबत मात्र अधिक संयमाची आवश्यकता आहे. व्हिब्रिओ जातीच्या जीवाणूंमुळे व्रण, परांची झीज आणि रक्ताळलेले चट्टे उद्भवतात, परंतु ते बहुधा जखम, घाण पाणी किंवा परजीवीने पाडलेल्या वाटेने आत शिरतात. मूळ कारण तसेच ठेवून प्रतिजैविक देणे हे अपुरे ठरते. औषधालयातून मिळालेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टाकीत फोडण्याची प्रथा तर निखालस चुकीची आहे, कारण समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या द्रव्याला बांधून टाकतात. औषध माशापर्यंत पोहोचत नाही आणि जीवाणूंना प्रतिकाराचा सराव तेवढा होतो. मत्स्यक्षयावर खात्रीचा इलाज नाही, आणि तो जीवाणू हातावरील जखमेवाटे मनुष्यालाही चिवट गाठी आणतो, ही गोष्ट टाकीत हात घालणाऱ्या प्रत्येकाने जाणून असावी. परांवर फुलकोबीसारखे गाठोळे आणणारा लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य विकार मात्र दिसायला भयंकर आणि स्वभावाने सौम्य. चांगले पाणी आणि अन्न दिल्यास तो बहुधा आपोआप ओसरतो, आणि तेथे औषध न देणे हाच शहाणपणा. टँग आणि एंजलफिश यांच्या डोक्यावर व पार्श्वरेषेवर पडणाऱ्या खड्ड्यांचा संबंध आहारातील उणिवेशी आणि गाळणीतील कोळशाच्या बारीक धुळीशी जोडला गेला आहे. तेथेही बाटली निरुपयोगी.

लोकप्रिय उपायांचाही परामर्श घ्यावयास हवा. लसणाने माशाला अन्नाची गोडी लागत असेल, परंतु त्वचेखालच्या परजीवीला तो मारत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. साफसफाई करणारे मासे आणि कोळंबी निसर्गात त्वचेवरील बाह्य कृमी टिपतात हे खरे. पण क्रिप्टोकॅरिऑन त्वचेच्या आत असल्याने त्यांच्या तोंडाला तो लागत नाही. अतिनील दिवा त्यातून वाहणाऱ्या पिल्लांना मारतो, न वाहणाऱ्यांना नाही.

जाणकारांमध्ये खरा मतभेद आहे तो वेगळ्याच मुद्द्यावर. एका पक्षाचे म्हणणे असे की, परजीवी समूळ नाहीसा करण्याचा अट्टाहास सोडून उत्तम पाणी, पोषक अन्न आणि शांत सहवास यांच्या बळावर माशाची प्रतिकारशक्ती वाढवावी. आणि या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही असे नाही, कारण त्वचेवरील कृमींपासून बचावलेल्या माशांत काही काळ प्रतिकारशक्ती येते हे नायग्रेली आणि ब्रेडर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९३४ सालीच नोंदवले होते आणि क्रिप्टोकॅरिऑनबाबतही तसे पुढे आढळून आले. दुसरा पक्ष संपूर्ण निर्मूलनाचा आग्रह धरतो. माझ्या मते पहिल्या पक्षाचा युक्तिवाद बलवान माशापुरता खरा आहे, पण टाकीत नव्याने दाखल होणारा, प्रवासाने खंगलेला मासा त्या तडजोडीची किंमत मोजतो. आणि मखमली रोग तर कोणाशीच तडजोड करत नाही. ज्या प्राण्याला पळून जाण्यास समुद्र उरलेला नाही, त्याला शत्रूच्या सान्निध्यात ठेवून त्याच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणे हे पालकाच्या कर्तव्यात बसत नाही.

निर्मूलनाचा मार्ग मात्र मोठ्या टाकीतून जात नाही, तो विलगीकरणाच्या लहान टाकीतून जातो. वाळू आणि खडक नसलेली साधी काचपेटी, नळ्यांचे काही तुकडे लपण्यासाठी, आधीपासून जीवाणू वसवलेला स्पंज, हवेचा पंप आणि अमोनियाचे मापन, एवढ्या सामग्रीत नवा मासा चार ते सहा आठवडे ठेवावा. त्याची जाळी, बादल्या आणि हात धुण्याची तजवीज स्वतंत्र असावी. प्रत्येक नव्या माशाला सरसकट तांबे द्यावे की लक्षण दिसल्यावरच द्यावे, याविषयी मतभेद असले तरी निरीक्षणाची ही मुदत सर्वांनाच मान्य आहे. रोग मोठ्या टाकीत शिरलाच तर सर्व मासे बाहेर काढून उपचार करावेत आणि मूळ टाकी अडीच महिन्यांच्या आसपास माशांवाचून ठेवावी, म्हणजे उशिरा फुटणाऱ्या पुट्यांनाही यजमान मिळत नाही. मेलेला मासा अथवा टाकीचे पाणी खाडीत किंवा समुद्रात सोडू नये.

या प्रश्नाची एक बाजू मालकाच्या घराबाहेरही आहे. समुद्रातून पकडलेला मासा दुकानापर्यंत येईतो अनेक हातांतून आणि अनेक टाक्यांतून जातो आणि प्रत्येक ठिकाणचा परजीवी सोबत घेतो. त्याउलट हॅचरीत जन्मलेला मासा हा भार पुष्कळ कमी प्रमाणात आणतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्या देशात सिद्ध केले आहे, आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत व रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात माशांच्या रोगांचा अभ्यास होतो. ही विद्या कोळंबीच्या तळ्यांपुरती न राहता शोभेच्या माशांच्या दुकानदारांपर्यंत आणि पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचली पाहिजे, कारण आज औषध विकणारा आणि रोग ओळखणारा असा भेदच बाजारात उरलेला नाही. तोवर प्रत्येक पालकाने स्वतःपुरता एक नियम करावा : विलगीकरणाची टाकी तयार होऊन तिचे पाणी स्थिरावल्याशिवाय शोभेच्या टाकीसाठी मासा विकत घेऊ नये, आणि तेवढा खर्च वा तेवढी जागा नसेल तर खरेदी पुढे ढकलावी. औषधांच्या दहा बाटल्यांनी जे मासे वाचत नाहीत ते या एका नियमाने वाचतात.